शेल्फवरची काळ्या टोकाची वीट

मी वीट बोलतेय. माझं एक टोक काळं आहे. बाकी सगळी मी लाल.

इंग्लंडातल्या एका खेड्याबाहेरच्या थोरल्या घराच्या भिंतीत मी चारशे वर्षं होते. भट्टीत मी विस्तवाला चिकटून भाजले, म्हणून एक टोक करपून काचेसारखं झालं. गवंड्याने मला फेकलं नाही. अशाच विटा वेचून, काळी टोकं बाहेर ठेवून, त्याने लाल भिंतीवर शंकरपाळ्यांची नक्षी उठवली.

पुढे भिंतीची डागडुजी झाली आणि मी निघाले. फिरायला आलेल्या धम्मानंदने मला सिंगापूरला, बुओना व्हिस्टातल्या आपल्या कॉन्डोत आणलं. शेल्फवर ठेवलं. काळं टोक भिंतीकडे, कारण ते त्याला घाणेरडं वाटलं.

त्याचे वडील गणपत राहायला आले. त्यांची बायको, म्हणजे धम्मानंदची आई बेबी, वारल्यावर गावात त्यांचं कुणी उरलं नव्हतं. "माझा हितं ऱ्हायाचा पास वाढवशील न्हवं?" ते रोज विचारत. धम्मानंद म्हणे, "बघू."

एका रविवारी ऑफिसचे लोक जेवायला आले. गणपतनी मला उचललं, बोटाने वाजवलं, कडांवरून अंगठा फिरवला.

"आजोबा, डोन्ट टच लाह!" नात इरा सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"धम्मा, उलटी ठेवलीस की रं. पाची अंगाला चुना हाय, काळ्या टोकाला कण बी न्हाई. म्हंजी हे टोक बाहीर व्हतं, नक्षीचं. आमच्या भट्टीवर..."

"भट्टी?" धम्मानंदचा साहेब, अनीश, हसला. "तू तर म्हणाला होतास, वडील बिल्डर आहेत."

"विटा थापल्या, साहेब. चाळीस वर्सं."

धम्मानंदही हसला. मला त्यांच्या हातातून काढून घेत म्हणाला, "बाबा, हात धुऊन या."

ते हात धुऊन आले, तोवर त्यांचं ताट आतल्या खोलीत गेलं होतं.

पास वाढला नाही. गणपत गावी गेले. त्याच संध्याकाळी धम्मानंदने मला फिरवलं.

परवा नवे पाहुणे आले. "पाचही अंगांना चुना आहे," तो सांगत होता, "काळ्या टोकाला कणही नाही."

"तुम्हाला बरं कळतं यातलं!"

"वाचन," धम्मानंद म्हणाला.

काल व्हिडिओ कॉलवर त्याच्या खांद्यामागे मी गणपतना दिसले. म्हातारा एकदम खुलला. "फिरवलीस व्हय, धम्मा? माझं ऐकलंस!"

"इंटिरियरवाल्याने सांगितलं, बाबा. फोन ठेवतो."

फोन बंद होईपर्यंत ते हसतच होते.

या टोकाने चारशे हिवाळ्यांचा बर्फ सोसला. ते हसू सोसवत नाही. कुणीतरी मला पुन्हा भिंतीकडे वळवा.