पार्सलातले बूट

भूगोलाच्या सरांना जगातला कुठलाही देश नकाशावर डोळे मिटून सापडायचा. वर्गातली मुलं मात्र हजेरीच्या आकड्यांपलीकडे त्यांना फारशी माहीत नव्हती. सत्तावीस नंबर तर कितीतरी महिने आलाच नव्हता, आणि सर रोज इमानेइतबारे तिथं फुली मारत होते.

त्यांचा जीव अडकला होता तो गुणदर्शनाच्या कार्यक्रमात. दरवर्षी कॉलेजची मुलं गाणी, नाच, नकला करायची आणि तिकिटांचे पैसे दूर देशातल्या एका डोंगरी शाळेला जायचे. नव्या प्राचार्य मॅडमना हे खूळ वाटत होतं. "तिकडं काही पोचतं तरी का, सर?" त्यांनी विचारलं होतं. "यंदा काहीतरी दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षीपासून बंद." सतरा वर्षं सरांनी तो हौसेनं चालवला होता.

आणि कार्यक्रमाच्या आदल्याच दिवशी त्या शाळेकडून खोकं आलं. सरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. भर कार्यक्रमात, मॅडमच्या डोळ्यांदेखत उघडायचं ठरवलं. असली हौस त्यांनाच सुचायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. सर खोकं घेऊन स्टेजवर गेले, "त्या मुलांनी आपले आभार मानलेत," असं आधीच जाहीर करून मोकळे झाले, आणि मग कात्रीनं चिकटपट्टी कापली.

आत बूट निघाले. काळे, बंदाचे, कोरे करकरीत, एकच जोड. त्याखाली रबरबँडनं बांधलेल्या पेन्सिली, त्यातल्या काही निम्म्या झिजलेल्या, आणि एक पत्र. सरांनी खोकं उलटंसुलटं करून पाहिलं. दुसऱ्याचं तर आलं नाही ना? पत्ता कॉलेजचाच होता, खाली नावही त्यांचंच.

"पत्र वाचा की, सर," पहिल्या रांगेतून मॅडम म्हणाल्या.

मुलांच्या अक्षराखाली तिथल्या बाईंनी इंग्रजी भाषांतर लिहून पाठवलं होतं. सर ते मराठीत वाचून दाखवू लागले.

"मागच्या वर्षी तुम्ही पाठवलेला फोटो आम्ही वर्गात लावला आहे. तुम्ही इतके गरीब आहात हे आम्हाला माहीत नव्हतं. फाटक्या कपड्यांत नाचून तुम्ही आमची फी भरता, याचं आम्हाला फार वाईट वाटलं. म्हणून आम्हीही गाणी म्हटली आणि गावातून पैसे जमवले. सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या ताईच्या पायांत काहीच नाही. बूट तिला द्या. माप आमच्या बाईंच्या पायाचं घेतलं आहे. ती वर्गात येते ना?"

सभागृहात हशा पिकला. सरांना मात्र काही सुधरेना. गरीब? कोण गरीब? मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. मागच्या वर्षी पोरांनी भिकाऱ्यांचं प्रहसन केलं होतं! त्याचाच फोटो तिकडं गेला होता, आणि तोच यंदाच्या पोस्टरवर होता, पंधरा दिवस गेटवर लटकत. पुढे वाडगं धरून उभी असलेली अनवाणी मुलगी येता-जाता त्यांनी रोज पाहिली होती.

मग सरही हसले. "बोलवा तिला वर," ते माइकवरूनच म्हणाले. "कोण ती?"

हसणं विरत गेलं. कुणीच उठेना. शेवटी सूत्रसंचालन करणारी मुलगी जवळ आली आणि अवघडून म्हणाली, "सर, ती सत्तावीस नंबर. फीचा दुसरा हप्ता भरता आला नाही, म्हणून सोडलं तिनं कॉलेज. चौकातल्या औषधांच्या दुकानात असते."

माइक चालूच होता. सरांना हातातले बूट कुठं ठेवावेत तेच कळेना.

कार्यक्रम संपल्यावर मॅडमनी त्यांना गाठलं. "पुढच्या वर्षी करूच आपण," त्या हळूच म्हणाल्या. एवढ्यासाठी सरांनी वर्षभर देव पाण्यात ठेवले होते. ते नुसतं "हो" म्हणाले आणि चौकाकडे निघाले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

ती काउंटरमागं गोळ्यांची पाकिटं लावत होती. "सर, तुम्ही? काय देऊ?"

सरांनी बूट पुढे केले. "तुझ्यासाठी आलेत." कुठल्या शाळेतल्या मुलांनी पाठवले तेही सांगितलं. फोटोचं आणि प्रहसनाचं मात्र सांगितलं नाही.

तिनं स्टुलावर बसून शिवलेली चप्पल काढली आणि एक बूट घातला. जरा सैल होत होता. तिनं बंद आवळून बांधले.

"इतक्या लांब," तिनं विचारलं, "त्यांना कसं कळलं, सर?"