नेलपॉलिशची रेघ

डेलमरच्या नेमबाजीच्या कागदावर सोळा भोकं होती, त्यांतली नऊ आडवी. सरळ गेलेली गोळी गोल भोक पाडते. लांबट, कुलपाच्या भोकासारखं छिद्र पडलं की समजावं, गोळी वाटेतच कोलांट्या खात गेली. आणि डेलमर हकाबीची गोळी कोलांट्या खाते म्हणजे काय! तीस वर्षं हा माणूस आपली काडतुसं आपल्या हाताने भरतोय. दुकानातल्या तयार काडतुसांना तो कधी नावालाही शिवला नाही.

तेव्हाच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

घरी आला तो थेट गॅरेजमध्ये. काडतुसं भरायच्या दाबयंत्रावर, म्हणजे प्रेसवर, काडतुसाची मान आवळणारा पोलादी साचा, डाय, बसवलेली. एकदा मनासारखी बसली की तिच्यावर आणि खालच्या चकतीवर मिळून नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढायची, ही इथली जुनी रीत. रेघ जुळलेली असली की डाय जागेवर. आज ती चांगली गव्हाभर सरकलेली होती.

"नोरीन! गॅरेजमध्ये कोण आलं होतं?"

"कोण येणार? वेंडेल करवत न्यायला आला होता," बायको आतून म्हणाली. "तुम्ही पुन्हा सुरू होऊ नका हं."

वेंडेल तिचा धाकटा भाऊ. त्याची बायको गेल्यापासून तो ओढ्यापलीकडे ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, एकटाच राहायचा. शनिवारचा नेमबाजीचा क्लब आणि या गॅरेजची किल्ली, एवढंच त्याचं जग.

डेलमरने रेघ जुळवली, पुन्हा काडतुसं भरली. आठवड्याने रेघ पुन्हा सरकलेली! मग तर त्याचं डोकंच फिरलं. दुसऱ्याच्या प्रेसला हात लावणं म्हणजे या नेमबाज लोकांत दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं. मे महिन्यात डेलमरने पहिला नंबर काढला तेव्हा वेंडेल गालातल्या गालात हसत होता, तेही त्याला आता आठवलं. जळतोय लेकाचा! माझंच खातो आणि माझ्याच मुळावर उठतो!

शनिवारी नेमबाजी आटोपल्यावर सगळे क्लबात कॉफी आणि पीच भरलेली गोड पेस्ट्री घेऊन बसले होते. डेलमरने छिद्रं पडलेला कागद टेबलावर आपटला.

"कुणीतरी माझ्या डायला हात लावतंय. किल्ली दोघांकडेच आहे. एक मी."

वेंडेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दाजी, घरी बोलू या ना."

"घरी का? इथेच सांग. लावलास हात?"

"लावला," वेंडेल म्हणाला.

मग काय विचारता! हा सूर्य आणि हा जयद्रथ. वेंडेलने खिशातून किल्ली काढली, पेस्ट्रीच्या बशीशेजारी ठेवली, टोपी उचलली आणि निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

डेलमरने नवं कुलूप आणलं. रेघ केसाइतकीही चुकणार नाही अशी जुळवून दोनशे काडतुसं भरली. आता बघा म्हणावं!

पुढच्या शनिवारी सोळाच्या सोळा भोकं आडवी पडली.

घरी येऊन त्याने एका काडतुसातली गोळी उपसली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांशी धरली. मानेजवळ, जिथे डायने आवळलं होतं तिथे, गोळीवरचं तांबं गोल कापलं गेलं होतं आणि आतलं शिसं उघडं पडलं होतं. दुसरी उपसली, तीही तशीच.

आता त्याला उलगडा झाला. वसंत ऋतूपासून त्याने स्वस्तातल्या, तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या गोळ्या घेतल्या होत्या. रेघ मात्र जुनी, जाड तांब्याच्या गोळ्यांसाठी ओढलेली. जाड आवरणाला मान आवळलेली सोसते, मुलाम्याला नाही. वेंडेल मार्चमध्येच म्हणाला होता, "दाजी, जरा सैल धरा, कातडं पातळ आहे हिचं." आणि डेलमरने चारचौघांत त्याला हसण्यावारी नेलं होतं, "ज्याला स्वतःची चूल पेटवता येत नाही, तो मला काडतुसात दारू भरायला शिकवणार!"

वेंडेल येऊन गुपचूप डाय सैल करून जायचा. सरकलेली रेघ डेलमरच्या लक्षात आली नाही, त्या खेपेची काडतुसं गोल भोकं पाडायची. मे महिन्यातला पहिला नंबर त्यातलाच. आणि लक्षात आली, त्या खेपेला तो रेघ पुन्हा जुळवून स्वतःच गोळीचा गळा घोटायचा.

तो तसाच नव्या कुलपाची किल्ली घेऊन ट्रेलरवर गेला. वेंडेलने दार अर्धंच उघडलं.

"चुकलो रे मी. ही घे."

"हात तर मी लावलाच होता की, दाजी," वेंडेल म्हणाला. "तुमच्या तोंडावर पुन्हा सांगायची हिंमत नव्हती, म्हणून चोरासारखा आलो. आता चोराला किल्ली कशाला देता?"

दार हळूच लागलं.

पुढच्या शनिवारी डेलमर क्लबात उभा राहिला आणि ती कापलेली गोळी टेबलावर ठेवून सगळं सांगून मोकळा झाला. काहीएक लपवलं नाही. माणसं ऐकत राहिली, एकाने त्याच्या पाठीवर हातही ठेवला. पण ज्याने ऐकायला हवं होतं त्याची खुर्ची रिकामीच होती.