चोविसावा फर्मा

मित्रांनो, मी एका कादंबरीचा दुसरा भाग आहे. मला छापून अजून दोन वर्षेही झालेली नाहीत, तरी मी जुना आहे. माझ्या अंगावर पुठ्ठा नाही आणि पाठीला शिलाई नाही. बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात चोवीस सुटे फर्मे ठेवले आहेत, तोच मी. फर्मा म्हणजे एकत्र घडी घातलेली सोळा पाने. असे फर्मे एकावर एक रचून दोऱ्याने शिवले की पुस्तक होते. मीही एकदा तसा झालो होतो.

माझी गोष्ट अंधारी आहे. तळ्याकाठी काळ्या दगडांची एक हवेली आहे आणि तिच्या धन्याला सावली नाही. दिवे लावण्याच्या कामावर एक मुलगी तिथे येते आणि या बिनसावलीच्या माणसात जीव गुंतवून बसते. पहिल्या भागाच्या शेवटी धन्याचा थोरला भाऊ विष पोटात जाऊन मरतो. विष कोणी घातले, ते पहिल्या भागाने सांगितले नाही. ते सांगण्याचे काम माझ्यावर सोपवले होते.

मला दुकानातून ज्या लेकीने घरी आणले, तिची आई एका वाचनालयाच्या बांधणीच्या खोलीत तीस वर्षे पुस्तके दुरुस्त करत होती. पहिला भाग तिच्याकडे कणा निखळून आला होता. दुरुस्तीला आलेले पुस्तक वाचत बसायचे नाही, असा तिथला नियम. आईने ते खळ वाळेपर्यंत म्हणून उघडले आणि पुढचे चार दिवस खळ काही वाळली नाही. मग तिने लेकीलाही तो वाचायला लावला, आणि दोघी माझी वाट पाहू लागल्या. चार वर्षे पाहिली. मी आलो तेव्हा आई रुग्णालयात होती.

तिने मला हातात घेतले, आधी नाकाला लावले, मग उलटून माझी शिलाई तपासली. पण मी जड होतो. तिच्या मनगटात मला पेलण्याचे बळ उरले नव्हते. दोनदा मी तिच्या छातीवर आदळलो. तिसऱ्यांदा आदळलो तेव्हा तिने लेकीला घरून पातळ सुरी आणायला सांगितली.

लेकीने सुरी आणली, पण ती पाठीला लावेना. नवे कोरे पुस्तक कापायचे म्हणजे काय! आई उशीला टेकून एकेक गोष्ट सांगत राहिली. आधी पुठ्ठा सोडव. पाठीवर ओला कपडा ठेव. आता दोरा काप.

"ओढू नकोस गं. पुस्तक आहे, कोंबडी नाही."

मला वाईट वाटले नाही, मित्रांनो. ज्यांना शिलाई कळते, त्यांच्याच शब्दाने मी उसवला गेलो होतो. बरी झाले की परत शिवते, असे आई म्हणाली आणि माझा पहिला फर्मा एका हातात धरून वाचू लागली.

पुढच्या दिवसांत माझे जेवढे कौतुक झाले, तेवढे क्वचितच एखाद्या पुस्तकाचे होत असेल. आई एक फर्मा वाचायची. संध्याकाळी लेक आली की तोच फर्मा ती वाचायची आणि मग दोघींच्या गप्पा रंगायच्या. दोघींचा एक करार होता. कोणी कोणाच्या पुढे जायचे नाही आणि शेवट चोरून पाहायचा नाही. हवेलीच्या धन्यावर आईचा भारी राग. हा बाबा नुसता खिडकीत उभा राहून उसासे टाकतो, जेवतो कधी, अंघोळ कधी करतो, असे ती विचारायची. लेक त्याची बाजू घ्यायची. तू असल्यांनाच भुलतेस, असा टोमणा मग ऐकून घ्यायची. वॉर्डातल्या सिस्टरही यात ओढल्या गेल्या. सुई टोचताना त्या हळूच विचारायच्या, तो सावलीवाला आज तिला भेटला का?

नवव्या फर्म्यात मुलीला धन्याची हरवलेली सावली तळघरात एकटीच बसलेली सापडते. ती सावली तिला घाबरते. तेव्हा आईने फर्मा छातीवर उपडा ठेवला. मग म्हणाली, पहिल्या भागात नुसती ओळखपाळख होती, खरी गोष्ट आता सुरू झाली. मित्रांनो, दुसऱ्या भागाला असे कोणी सहसा म्हणत नाही.

लेकीचा संशय हवेलीच्या वैद्यावर होता. आईने मात्र तेराव्या फर्म्यातच किल्ल्या सांभाळणाऱ्या कारभारणीचे नाव घेतले. कारण विचारले तर म्हणाली, कारभारीण सांगते की हवेलीतले ग्रंथालय वीस वर्षे बंद आहे. पण त्याच पानावर लिहिले आहे की तिथल्या वनस्पतींच्या पुस्तकाचा कणा मधोमध पांढरा पडला होता. कणा धुळीने पांढरा पडत नाही. पुस्तक पुन्हा पुन्हा एकाच पानावर उघडले की पडतो. विषारी झाडांचे पान मधोमधच येते, आणि त्या खोलीची किल्ली कारभारणीकडेच. लेक हसली. एवढ्याशा गोष्टीवरून कोणी खुनी ठरते का?

मी उत्तर जाणत होतो. ते माझ्या चोविसाव्या फर्म्यात छापलेले होते.

पुढे आईच्या डोळ्यांपुढे अक्षरे हलू लागली, तेव्हापासून लेक मोठ्याने वाचून दाखवू लागली. विसावा फर्मा संपला त्या दिवशी डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावले. ती परत आली ती तोंड धुऊनच. 

त्यानंतर लेकीची एक चूक झाली. आईने आयुष्यात एकही पुस्तक अर्धे टाकले नव्हते. कितीही कंटाळवाणे असो, शेवटचे पान उलटल्याशिवाय ती उठत नसे. लेकीने मनाशी गाठ बांधली, की गोष्ट संपत नाही तोवर आई जाणार नाही. वेडेपणाच तो. शहाणी, शिकलेली, चिक्कार वाचलेली बाई ती. पण त्या खाटेपाशी बसून दुसरे काही सुचणे अवघड होते. तिने माझे वाचन कमी केले. रोज एक फर्मा व्हायचा, तो चार दिवसांवर गेला. घसा बसलाय, शाळेत मुलांच्या परीक्षा आहेत, आज तू दमलीस, अशी कारणे निघू लागली. तेविसावा कसाबसा संपला. चोविसावा तिने पिशवीत ठेवला आणि घरी विसरला म्हणून सांगितले.

मी त्या पिशवीत होतो, मित्रांनो. डब्याच्या आणि छत्रीच्या मध्ये. आईचा आवाज मला तिथे ऐकू आला.

"पिशवीतच आहे ना?"

लेकीने पिशवी खाटेखाली सरकवली.

"वाच की गं आज."

"रविवारी वाचू, आई. मला सुट्टी आहे. निवांत."

आईने डोळे मिटले. झोपली असे वाटले, तेवढ्यात तिने विचारले, "कारभारीणच ना? एवढंच सांग."

"मलाही माहीत नाही गं. शपथ."

हे मात्र खरे होते. तिने करार पाळला होता. हात घालून मला बाहेर काढले असते आणि शेवटून तिसरे पान उघडले असते, तर एका ओळीत सगळे सांगता आले असते. मला तोंड असते, तर त्या दिवशी मी ओरडलो असतो. पण पुस्तकाला कोणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

तो बुधवार होता. शुक्रवारी दुपारी आई गेली.

लेकीने घरी येऊन मला बुटांच्या खोक्यात भरले. तेवीस फर्मे खाली, चोविसावा वर. झाकण लावले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. शिवण्याचा प्रयत्न तिने एकदाही केला नाही. मला कसर लागली. माझे कोपरे पिवळे पडले.

आठ महिन्यांनी दारावर एक पुडके आले. त्यावर आईचे नाव होते. तिसरा भाग बाजारात येताच घरी पाठवा, अशी मागणी आईने फार आधीच नोंदवून ठेवली होती. लेकीने दारातच कागद फाडला. नवे पुस्तक हातात आले की आधी मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर पाहायचा, ही वाचणाऱ्यांची सवय. तिनेही सहज पाहिला. पहिलीच ओळ होती, 'कारभारणीच्या कबुलीनंतर हवेलीत...'

ती उंबऱ्यावरच बसली. शेजारच्या काकूंनी विचारले, काय झाले गं, कोणाचे पत्र आहे? तिने मान हलवली. मग म्हणाली, "काही नाही, काकू. आईचं बरोबर होतं."

काकूंना अर्थ लागला नाही. त्या पाणी आणायला आत गेल्या.

मित्रांनो, पुस्तके जपा, पाने दुमडू नका, असे तुम्हाला नेहमीच सांगतात. मी ते सांगणार नाही. खुशाल दुमडा, सुटी करा, त्यांच्यावर चहा सांडा. पण ऐकणारे माणूस समोर आहे आणि ऐकायचे म्हणते आहे, तर काही राखून ठेवू नका. राखून ठेवल्याने कोणी थांबत नाही.

चोविसावा फर्मा अजून कोणी वाचलेला नाही. तो काही मोठा नाही, सोळाच पानांचा आहे. मोठ्याने वाचायला पाऊण तास लागला असता.