उठताना 'येतो' म्हणू नये

जर्मनच्या लढाईची बातमी आली त्या वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या केनवडचा जमशेद पिंजारी वारला. तीन दिवस तापला आणि गेला. मी तेव्हा पोहरादेवीकडे बैल बघायला गेलो होतो. परत आलो तोवर मातीही होऊन गेली होती. तीस वर्षांचा दोस्त गेला आणि मला रडू येईना. सुपारी लागल्यावर जीभ होते तसं आत सगळं बधिर. मला माझाच राग आला, म्हणून नव्या बैलांवर ओरडलो.

चौथ्या दिवशी भेटायला निघालो तर कस्तुराने, माझ्या बायकोने, उंबऱ्यातच अडवलं.

"हे पाहा, उठतानी 'येतो' म्हणू नका. तुमाले सवय हाय."

"मले शिकवून राह्यली का तू? साठीले आलो मी!"

"म्हणूनच सांगून राह्यली."

मयताच्या घरून 'येतो' म्हणून निघालं की तशाच कामाला पुन्हा यावं लागतं, म्हणतात. गपचूप उठायचं, वहाणा घालायच्या, चालू लागायचं. हे काय मला ठाऊक नव्हतं? पण सवयीचं ती खरं बोलली. रोज दिवेलागणीला मी जमशेदच्या ओसरीवर बसायचो. निघताना म्हणायचो, "येतो." तो कापूस पिंजता पिंजता मान वर न करता विचारायचा, "कवा?" जसा काही मी काशीलाच निघालो होतो! "उद्या," मी म्हणायचो. आत त्याची बदरुन्निसा हसायची. तीस वर्षं तोच एक विनोद. आम्हाला दुसरा सुचला नाही.

ओसरीवर पाचसहा माणसं बसली होती. बदरुन्निसाचा धाकटा भाऊ फय्याज धनजहून आला होता. दारावर पडदा, आणि पडद्यामागे भाभी इद्दतीत. म्हणजे आता चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडणार नव्हती.

फय्याज माझ्याजवळ सरकला. "उकंडरावभाऊ, आपा चार दिवसांपासून एक लफ्ज बोलली नाई. खात नाई, पानी बी मागत नाई, रडत बी नाई. लेकरू ना बाळ. इद्दत झाली का मी तिले धनजले नेतो. पर तवरोक टिकली पाह्यजे. इथं कोन हाय तिचं?"

बाकीचे बोलत होते. अल्लाची मर्जी, देवाची मर्जी, माणूस लाख होता. एक जण जमशेदच्या हाताची तारीफ करता करता आपल्या गादीचं मापच सांगू लागला. त्याला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं. मी खुंटीवरच्या पिंजणाकडे बघत राहिलो. कोणीतरी त्याची तात, कापूस पिंजायची ती ताणलेली दोरी, सैल करून ठेवली होती.

एकेक जण उठला. न बोलता वहाणा घातल्या आणि गेला. रीतच ती. पण पडद्यामागे बसलेल्या बाईला चार दिवस नुसत्या जाणाऱ्या वहाणाच ऐकू येत असणार, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

मग मीही उठलो. पडद्यासमोर थांबलो. काहीतरी बोलावं, तीस वर्षांना शोभेल असं. सुचेना. पायरी उतरलो, एका पायात वहाण सरकवली आणि तोंडातून निघून गेलं,

"येतो."

फय्याजने चमकून पाहिलं. माझे कान तापले. बायकोने एकच गोष्ट बजावली होती, तीही धड जमली नाही. पळावंसं वाटलं, तर दुसरी वहाण सापडेना.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. घसा बसलेला, ओळखू न येणारा.

"कवा?"

फय्याज उठून उभाच राहिला. मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. साठीचा माणूस, एका पायात वहाण, भर गल्लीत.

"उद्या, भाभी," मी म्हणालो. "दिवे लागले का येतो."

आत कोणी हसलं नाही. बऱ्याच वेळाने तिने फय्याजला पाणी मागितलं.