शेताचं सोंग घेतलेली धावपट्टी

मित्रांनो, जरा जपून चाला. माझ्या भेगांत पाय अडकतो आणि मग तुम्ही मलाच नावं ठेवता. मी एक जुनी धावपट्टी आहे. आज माझ्यावर शेळ्या रवंथ करतात आणि नवशिके गाडी शिकतात. पण लढाईच्या काळात इथून विमानं उडायची, हे सांगितलं तर तुम्हाला थाप वाटेल.

माझा जन्मच लढाईसाठी झाला. खडी, वाळू, सिमेंट आणि शेकडो माणसांचा घाम. रोलर अंगावरून इतका फिरला की, बाई गं, जीव नकोसा झाला. पण तयार झाले तेव्हा मी अशी गुळगुळीत होते की मोठे साहेबसुद्धा बूट पुसून यायचे. खोटं कशाला बोलू, मला थोडा गर्व चढला होता.

मग हुकूम आला, की शत्रूच्या विमानांना मी वरून दिसता कामा नये. त्यासाठी नाटकाचे पडदे रंगवणारा एक रंगारी बोलावला. त्याची बायको आमच्या कँटीनमध्ये चहा करायची आणि तिचा धाकटा भाऊ आमचाच वैमानिक. रंगारी पठ्ठ्या भलताच हौशी. त्याने माझ्यावर नांगरटीच्या रेघा काढल्या, बांध काढले, पाण्याचा पाट काढला, वर झुडपांच्या सावल्याही काढल्या. पहिला तुकडा झाला तेव्हा मेहुणा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भावोजी, आता नुसते बैल आणायचे राहिलेत." दोघं पोट धरून हसले. लगेचच मेहुण्याला लांबच्या तळावर पाठवलं.

तो नसताना मी पूर्ण रंगले. विमानांच्या शेडवर जाळी आली, पाण्याच्या टाकीवर फांद्या आल्या. आपलं विमान यायचं असलं की माझ्या कडांना पांढऱ्या कापडाच्या लांब पट्ट्या पसरायच्या आणि ते उतरलं की गुंडाळून ठेवायच्या, अशी पद्धत ठरली. सगळ्यांनी रंगाऱ्याला डोक्यावर घेतलं.

एका दुपारी मेहुणा विमान घेऊन परत आला, ठरल्यापेक्षा आधीच. पट्ट्या मळल्या म्हणून धुऊन कँटीनमागे दोरीवर वाळत टाकल्या होत्या. आणि मी आता या टोकापासून त्या टोकापर्यंत शेत दिसते, उतरायचं ते पट्ट्या बघून, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने कळवलं असेल. तो माझ्या डोक्यावरून गेला, वळला, पुन्हा गेला. त्याची ताई ओल्या पट्ट्या ओढत पळत सुटली. रंगारी माझ्या मधोमध उभा राहून हात हलवत होता. अरे, मी इथेच आहे रे, असं मला ओरडायचं होतं. पण दगडमातीला कुठला आलाय आवाज! विमानातलं तेल संपत आलं असावं. तो पलीकडच्या खऱ्या शेतात उतरायला गेला. तिथले बांध रंगवलेले नव्हते. त्यात तो गेला.

रंगाऱ्याला कुणी दोष दिला नाही. बायकोनेही नाही, आणि तेच त्याला सोसवेना. लढाई संपली, विमानं गेली, शेडचे पत्रेही गेले. सगळे मला विसरले. फक्त तो सुट्टीच्या दिवशी तारेचा ब्रश घेऊन यायचा आणि माझ्यावरचा रंग खरवडायचा. नांगरट गेली, पाट गेला. मग तो कडांना चुना ओढू लागला, म्हणजे मी लांबूनही दिसावी. बायको डबा घेऊन यायची आणि शेजारी बसायची. म्हातारपण आलं तरी त्यांचं हे चालूच राहिलं. मी मात्र आतून खचत होते. पाणी मुरलं, खड्डे पडले, झाडांच्या मुळांनी मला उचललं. दुरुस्तीचं कुणी नाव काढलं नाही.

परवा कचेरीतला माणूस आला. म्हणाला, पट्टी बाद झाली, दोन्ही टोकांना मोठी पांढरी फुली मारा. वैमानिकांसाठी त्या फुलीचा अर्थ, इथे उतरू नका. काम अर्थातच रंगाऱ्याकडे आलं. बायको भडकली. आयुष्यभर जिला दिसती ठेवली, तिच्यावर तुम्हीच काट मारणार का, असं तिने विचारलं.

त्याने वाकून माझ्या एका भेगेत बोटं घातली. मग म्हणाला, "चुना ओढून मी हिला वरून चांगली दाखवतोय, आणि खाली ही अशी. तेव्हा चांगली पट्टी शेत वाटली, आपलं पोर गेलं. आता ही धड वाटली, तर दुसऱ्या कुणाचं जाईल."

 तिने डबा बाजूला ठेवला आणि चुन्याची बादली उचलली. दोघांनी मिळून फुल्या मारल्या.

मित्रांनो, मला दुःख फुलीचं नाही. वेळच्या वेळी चार घमेली सिमेंट पडलं असतं, तर ही पाळी आली नसती. पूल असो, विहीर असो, शाळेचा जिना असो, तो धड आहे तोवर त्याची काळजी घ्या. आणि मोडलाच, तर वरून रंग फासून झाकू नका, मोडलाय म्हणून सरळ सांगा.

काल एक छोटं विमान आलं. माझ्याकडे बघून खाली झुकलं, फुली दिसताच वर उठलं आणि निघून गेलं. ते सुखरूप गेलं याचा मला आनंदच झाला. पण खरं सांगू? ते उतरावं असं मला फार वाटत होतं.