रिकाम्या थाळ्याची साक्ष

मी एक जुना अ‍ॅल्युमिनियमचा थाळा आहे, आणि तोही कुत्र्याचा. हे सांगताना मला तिळमात्र लाज वाटत नाही. मित्रांनो, घरातल्या ताटांना नाके मुरडायची असतील तर त्यांनी खुशाल मुरडावीत.

आमच्या गोदामाच्या राखणीला सहा कुत्री होती. त्यांतल्या सर्वांत वयस्कर कुत्र्याला सगळे म्हातारा म्हणत. मी त्याचा थाळा. स्वयंपाक करणारी मावशी रोज त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवी आणि मगच काय वाढायचे ते ठरवी. कधी मऊ भात आणि मांस, कधी उकडलेले अंडे, पोट बिघडले की नुसता शिजवलेला भोपळा. शेजारच्या पिंजऱ्यातल्या ढब्बूला मात्र ती भात बेतानेच वाढी, कारण तो दिसेल ते हादडायचा.

मग नवे साहेब आले. त्यांनी मावशीची चूल बंद केली. सहाही जणांना एकाच पोत्यातले कोरडे, टणक दाणे, एकाच मापाने. म्हाताऱ्याच्या दाढा तर कधीच पडल्या होत्या. तो दाणे हुंगून मागे सरके. ढब्बू जाळीखालून पंजा घालून मला जाळीपाशी ओढी आणि फटीतून तोंड घालून सगळे फस्त करी. तासाभराने साहेब फेरीला येत, मी रिकामा दिसलो की समाधानाने पुढे जात.

महिन्याभरात म्हाताऱ्याची हाडे वर आली. साहेब म्हणाले, पोटभर खाऊनही वाळतोय, सोमवारी याला हलवा. इथून हलवलेला कुत्रा परत आलेला मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझीच साक्ष काढून माझ्या धन्याला घालवत होते! रविवारी ढब्बूने मला ओढले, तेव्हा मी पोचा आलेली कड फरशीवर अशी करकरवली की मावशी हातातले काम टाकून धावली. तिने पाहिले आणि तडक साहेबांना घेऊन आली.

"थाळा कुणाचा आणि खातंय कोण, ते इथं उभं राहून बघा," ती म्हणाली. "याचे दात गेलेत साहेब, भूक नाही गेली. मला चूल पेटवू द्या. नाहीतर उद्या याच्याबरोबर मीही निघाले."

साहेबांनी वाकून जाळीखालचा ढब्बूचा पंजा पाहिला. मग त्यांनी काडेपेटी मागवली.

सोमवारी म्हाताऱ्याला न्यायला गाडी आली आणि तशीच परत गेली.

मित्रांनो, मला भंगारात घालायचे तर आजच घाला, मी गयावया करणार नाही. पण कुणाला जेवायला घालाल तेव्हा त्याचे भांडे पाहून निघून जाऊ नका. त्याच्याकडे बघा.