टाकीतला तळाचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. डोंगरात किंवा समुद्रात माझा जन्म झाला नाही. लोणावळ्यातल्या एका घराच्या मागच्या अंगणात हमीदभाईंनी मला आपल्या हातांनी घडवलं. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून त्यांनी त्याचा गोळा ओल्या वाळूत दाबला आणि बोटांनी त्याला आरपार भोकं पाडली. पुढे मला पाण्यात ठेवलं, तेव्हा मीठ विरघळून गेलं आणि माझ्या अंगभर बारीक पोकळ्या उरल्या. सिमेंटचा जहालपणा उतरावा म्हणून चार महिने ते माझं पाणी बदलत राहिले.

हमीदभाई हॉटेलांतले फ्रिज आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. त्यांना समुद्राचं वेड होतं आणि नशिबी आला होता घाट. म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी बसवली. तळाला पांढरी वाळू पसरली, मीठ मोजून खारं पाणी तयार केलं आणि माझ्यासह अकरा दगड एकावर एक रचले. मी सगळ्यांत मोठा, म्हणून सर्वांत खाली.

पहिलं वर्षभर माझ्यात दिसण्यासारखं काहीच घडलं नाही. पण डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव माझ्या पोकळ्यांत राहायला आले. माशांच्या विष्ठेमुळे पाण्यात जे विष तयार होतं, ते हे जीव नाहीसं करतात. त्यांच्याशिवाय अशा टाकीत मासा जगत नाही. मग माझ्यावर जांभळा थर चढला. एका खाचेत समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, रुजलं आणि त्याच्या आडोशाला नारंगी क्लाऊन माशांची जोडी राहू लागली. नऊ वर्षांत टाकीत सात मासे झाले. गल्लीतली मुलं काचेला नाक लावून बघत बसायची. "हे सगळं त्या तळाच्या दगडावर उभं आहे," असं हमीदभाई त्यांना सांगायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

गेल्या भाद्रपदात हमीदभाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. खूप धडपड केली की एखादा शब्द बाहेर यायचा, पुढचा घशातच अडकायचा. त्यांची मुलगी नुसरत वडगाव मावळला कचेरीत नोकरी करते. सकाळी वडिलांचं सगळं आवरून ती लोकल पकडायची आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा तेच. माशांना खाणं घालायचं आणि आटलेलं पाणी भरायचं, एवढं ती शिकली होती. टाकीचं बाकीचं ज्ञान हमीदभाईंच्या डोक्यात होतं, आणि तिथेच कोंडलं गेलं होतं.

मित्रांनो, संकट माझ्या पायाखालीच तयार होत होतं. तिथे बोटाएवढी एक कोळंबी राहते. तिने खणून खणून वाळू पोकळ केली आणि वरचे दगड पुढे कलले. एक दगड काचेला टेकला. हमीदभाई खुर्चीतून दिवसभर त्याच्याकडेच बघत असायचे. एका शनिवारी त्यांनी डाव्या हाताने काचेकडे बोट केलं आणि म्हणाले, "फु... फुट..."

नुसरतने वाकून पाहिलं आणि ती घाबरली. "अब्बा, ही काच फुटली तर सगळं संपेल! उद्या सुट्टी आहे. उद्याच सगळे दगड नीट लावून टाकते."

हमीदभाईंनी जोरात नकारार्थी मान हलवली. "ए... एक," ते म्हणाले. "एक..."

"हो अब्बा, एकेकच काढते. पाडणार नाही."

त्यांनी तिची ओढणी धरली. पुढचा शब्द ते जुळवत होते. पण तिला स्वयंपाक करायचा होता, कपडे वाळत घालायचे होते. तिने हळूच ओढणी सोडवून घेतली.

रविवारी सकाळी हमीदभाईंचे जुने दोस्त हौशीराम आले. ते भुशीच्या बाजूला शेती करतात आणि झटका आल्यापासून दर रविवारी येऊन बसतात. "मावशी, मी धरू लागतो," ते नुसरतला म्हणाले. तिला ते लाडाने मावशीच म्हणतात.

एकेक करून अकराही दगड बाहेर निघाले. मला काढायला दोघांचे हात लागले. मी हललो आणि माझ्याखाली नऊ वर्षं साचलेली काळी वाळू ढवळली गेली. तो गाळ धुरासारखा सगळ्या पाण्यात पसरला. खोलीत सडक्या अंड्यांची दुर्गंधी भरली.

"किती घाण साचली होती बघा!" नुसरत म्हणाली. माझ्यावरचं समुद्रफूल तिने जपून सोडवलं आणि टाकीच्या पाण्याच्या भांड्यात ठेवलं. मग मला अंगणात नेऊन नळाखाली धरलं आणि ब्रशने घासायला लागली. तिला वाटत होतं, अब्बांना आपला दगड स्वच्छ दिसेल. मित्रांनो, नळाच्या गोड्या, औषध मारलेल्या पाण्याचा लोट माझ्या पोकळ्यांत शिरला तेव्हा आत वस्तीला असलेले जीव धडाधड मरायला लागले. मला ते कळत होतं. थांब, असं मला ओरडायचं होतं. पण दगडाने ओरडायचं कसं? आतून हमीदभाईंचा आवाज येत होता. तो शब्द नव्हता, नुसता आकांत होता. नळाच्या आवाजात तिला तो ऐकू आला नाही. माझी एक बाजू घासून झाली होती. बाकीचे दहा दगड चैत्राच्या उन्हात ओळीने वाळत पडले होते.

तेवढ्यात हौशीराम दारात आले. "मावशी, हात थांबव! मासं तोंड वर करायला लागल्यात. पंप बी बंद पडलाय."

नुसरत मला तसाच उचलून आत धावली. गाळ अडकून पंप थांबला होता. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. हमीदभाई खुर्चीतून खाली पडले होते आणि डाव्या कोपरावर सरकत टाकीकडे येत होते.

"अब्बा! मी काय केलं? अब्बा, मला सांगा, काय करू?"

हमीदभाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी फरशीवर मूठ आपटली आणि मोरीकडे बोट दाखवलं. मोरीत निळं पिंप होतं. त्यात ते नेहमी खारं पाणी तयार ठेवायचे. नुसरतला ते आठवलं; झटक्याआधी भरलेलं पाणी अजून तसंच होतं.

"आमच्या तळ्यातला गाळ उपसला की असंच व्हतंय," हौशीराम म्हणाले. "खालचा कुजका वारा वर येतो अन् मासं गुदमरत्यात. भायेर काढ त्यास्नी, लवकर!"

जाळीने पाच मासे पिंपात पोचले. उरलेले दोन टाकीच्या तळाशी आडवे पडले होते. त्यांतला एक क्लाऊन जोडीतला नर होता. नुसरतने त्याला तळहातावर घेऊन पिंपात सोडलं, पण तो फिरत फिरत खाली गेला.

पिंपातल्या पाण्याला वारा मिळायला हवा होता. हमीदभाईंनी तांब्या मागितला, नुसत्या बोटांनी. सात महिन्यांत त्यांनी डाव्या हाताने चहाचा कप धड धरला नव्हता. आता ते पिंपाला टेकून बसले, तांब्या भरून वर उचलला आणि उंचावरून पाण्याची धार सोडली. पुन्हा भरला, पुन्हा सोडला. तांब्या निसटायचा, अर्धं पाणी त्यांच्या अंगावर सांडायचं. नुसरत रडत रडत पंप उघडत होती आणि तांब्या ओतता ओतता ते मानेने तिला सांगत होते, हा स्क्रू नाही, तो. दमले की हौशीराम तांब्या घ्यायचे, पण थोड्या वेळात हमीदभाई तो परत मागायचे. असं ते तीन तास चाललं. शेवटी पंप घरघरला आणि पिंपात धार सुरू झाली. तोवर आणखी दोन मासे गेले होते.

संध्याकाळी नुसरतने टाकीतला गाळ उपसला आणि तिथे उरलेल्या खाऱ्या पाण्यात मला एकट्याला बुडवलं. हमीदभाईंनी तिचा हात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेला. एका रविवारवर तिचं बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे वळवलं. पुढच्या रविवारवर ठेवलं आणि दुसऱ्या दगडाकडे वळवलं. असे अकरा रविवार. नुसरत समजली. एका रविवारी एकच दगड हलव, असं त्यांना सांगायचं होतं. ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून म्हणाली, "मी ऐकूनच घेतलं नाही हो, अब्बा."

त्यांनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

आता दोन महिने झाले आहेत. वाचलेले तीन मासे आणि समुद्रफूल टाकीत परत आले आहेत. समुद्रफूल आक्रसलं आहे, उघडेल की नाही सांगता येत नाही. उन्हात वाळलेले दगड पुन्हा जिवंत व्हायला वर्ष लागेल. माझी घासलेली बाजू पांढरीफटक पडली आहे. नर गेल्यापासून क्लाऊन मादी खाणं घातलं तरी वर येत नाही. मला तिच्यासाठी काहीच करता येत नाही. मी फक्त तिच्याजवळ असतो.

मित्रांनो, नुसरतवर रागावू नका. तिने जे केलं ते मायेपोटीच केलं. माझं मागणं तुमच्याकडे आहे. वर्षानुवर्षं जे हळूहळू जमून आलं आहे, ते एका सुट्टीत उपसू नका. आणि तुमच्या घरात एखाद्या आजारी माणसाच्या तोंडून शब्द निघत नसेल, तर हातातलं काम खाली ठेवा, त्याच्यासमोर बसा आणि त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. कितीही वेळ लागला तरी.